प्रवास एक, कारभार तीन

पुण्यात स्वारगेटला एस.टी.चे स्थानक, पीएमपीचे बसस्थानक आणि सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक अशी तिन्ही जवळजवळ आहेत. परंतु भोर किंवा पुरंदर तालुक्यातून महाविद्यालयासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला या शेजाराचा लाभ थोडाच होतो. एका वाहनास उशीर झाला, तर दुसऱ्यावर थांबण्याचे बंधन नाही, शिवाय एस.टी.चे तिकीट पुढे चालत नाही. प्रवास एकच, पण त्याची जबाबदारी वाटेत हात बदलते.

याचे मूळ या संस्थांच्या घडणीत आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुणे व पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपी स्थापन झाली. मेट्रो २०२२ मध्ये आली. प्रत्येकीचा हिशेब स्वतंत्र राहिला. दरम्यान शहर आपली वेस ओलांडून खेड्यांत शिरले. २०२१-२२ च्या एस.टी. संपात पीएमपीने ग्रामीण भागात गाड्या वाढविल्या; पुढे २०२२ च्या अखेरीस त्यांतील काही मार्ग बंद झाले. मार्ग कोणाचा, हा वाद संस्थांचा होता. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला हवी होती ती गाडी.

खेड्यातील फेरी तोट्याची असते, हे खरेच. मात्र तीच फेरी शहरातील बसला आणि मेट्रोला प्रवासी आणून देते. तोटा एकीच्या खात्यात आणि लाभ दुसरीच्या, अशी मांडणी असेल तोवर समन्वयाच्या बैठकांतून फारसे निष्पन्न होणार नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच प्रांताने १९९० मध्ये आगगाडी, ट्रॅम, बस आणि बोट यांसाठी एकच तिकीटव्यवस्था आणली. तिची तूट प्रांत आणि तेथील नगरे व खेडी निम्मी-निम्मी सोसतात. त्या देशाची सुबत्ता आपल्याकडे नाही. परंतु तूट उघडपणे वाटून घेण्यास सुबत्तेपेक्षा निर्धार अधिक लागतो.

सर्व वाहतुकीसाठी एकत्रित प्राधिकरण असावे, असे केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणानेच सुचविले होते. अशा प्राधिकरणाच्या हाती वेळापत्रक आणि तिजोरी दोन्ही नसतील, तर ते केवळ नावापुरते उरेल. त्याची कसोटीही साधी आहे: रात्री मेट्रोतून उतरणाऱ्या कारकुनाला गावी नेणारी शेवटची बस स्थानकाबाहेर उभी असली पाहिजे.