खोडलेल्या रेघेची किंमत

ग्राफिक्स टॅब्लेटवर काढलेले चित्र हे चित्रच नव्हे, असे ठासून सांगणारे कलाशिक्षक आमच्या नगर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून वळत नाही.) मी त्याच पेशातला असूनही मला हे पटत नाही. बहुतेक टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते, पेनातल्या तारेच्या वेटोळ्याला शक्ती तीच पुरवते, म्हणून त्या पेनाला सेलही लागत नाही. टोक किती दाबले हे हजारो पायऱ्यांत मोजले जाते. पण हात कच्चा असेल तर रेघही कच्चीच उमटते. शिवाय हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, ही फारकत अंगवळणी पडायला वेळ लागतो तो वेगळाच.

आक्षेप घ्यायचाच तर तो 'अन्डू'वर घ्यावा. कागदावरची रेघ खोडली तरी तिचा वळ राहतो. इथे दोन कळा दाबल्या की ती कधी ओढलीच नव्हती.

वळाची किंमत निदान नगरकरांनी तरी ओळखावी. हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची चित्रे असलेली त्याची पोथी आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तीत राजाशेजारी बसलेल्या बेगम खुंजा हुमायूँची आकृती काही चित्रांतून पुसून टाकलेली आहे. हुसेनशहा वारल्यावर तिने कारभार पाहिला, आणि १५६९ साली पोटच्या मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकले. पुसापुशी त्यानंतरचीच असावी, असे अभ्यासक मानतात. पुसणाऱ्याने काम मात्र अर्धवट केले; तिचा आकार अजून ओळखू येतो. तो डाग नसता, तर सिंहासनावर राजाच्या बरोबरीने बेगम रंगवली होती, हेच आपल्याला कळले नसते.

एवढी जुनी गोष्ट आज उकरायचे कारण म्हणजे, २०२२ पासून चार शब्द टाइप केले की चित्र हजर करणारी साधने सर्वांच्या हाती आली. गणपतीच्या मंडळाचे बोधचित्र असो की लग्नपत्रिका, टॅब्लेटवर रात्र जागवणाऱ्या पोराला गिऱ्हाईक बेधडक विचारते, "हे तू काढलंस की कॉम्प्युटरनं?" आणि निम्मे पैसे पुढे करते. पुरे झालेले चित्र दोघांचेही सारखेच चकचकीत. फरक असतो तो आतल्या लेयरमध्ये: कच्चे रेखाटन, तीनदा बदललेली मान, सोडून दिलेला निळा. फाइल हलकी व्हावी म्हणून सगळे लेयर एकत्र केले की ही साक्षही गेली.

म्हणून माझ्या मुलांना मी बजावतो, चुकलेला लेयर झाका, फेकू नका. आणि शाळाशाळांतून होणाऱ्या स्पर्धांत टॅब्लेटवरची चित्रे मागवली जाणार असतील, तर परीक्षकांनी नुसते शेवटचे चित्र न मागता लेयरसकट फाइल मागावी. जागा जास्त लागेल, हे खरे. पण कागदाच्या काळातही कच्च्या रेखाटनांची गुंडाळी माळ्यावर जागा अडवायचीच की!