आंबिया बहार आणि थंडीचा हिशेब

पौष लागला कीं महालांतील घरोघरीं पेट्यांतून शाली निघतात, आणि ‘यंदा थंडी कडक आहे’ किंवा ‘आतां पूर्वींसारखी थंडी राहिली नाहीं’ यांपैकीं एखादें वाक्य कानीं पडतें. बहुतेकांच्या लेखीं हा केवळ बोलण्याचा विषय. परंतु ज्यांची काटोल-नरखेडकडे दोन-चार एकर संत्र्याची बाग आहे, त्या कुटुंबांचा वर्षाचा जमाखर्च या थंडीवर अवलंबून असतो.

संत्र्याचें झाड या प्रांतीं भोसल्यांच्या अमदानींत आलें. त्यास मुख्यत्वें मृग व आंबिया असे दोन बहार. मृग बहार पावसाच्या आरंभीं फुलतो. आंबिया बहाराची कळी मात्र थंडीच्या पोटीं जन्मते. गारठ्यानें झाडाची वाढ थांबते, तें विसावा घेतें, अंगीं अन्नसंचय करतें, आणि पुढें ऊब व पाणी मिळतांच जानेवारी-फेब्रुवारींत फुलतें. म्हणूनच बागाइतदार या दिवसांत पाणी तोडून झाडास ताण देतो. यास सलग कित्येक दिवसांचा गारठा लागतो. एखाद्या रात्रीचा कडाका पुरत नाहीं.

हा भेद ध्यानांत न ठेवल्यामुळें गैरसमज होतो. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरांत पारा ३.५ अंशांवर उतरला व जानेवारी १९३७ मधील ३.९ अंशांचा नीचांक मोडला. ‘मग पृथ्वी तापते ती कोठें?’ असा प्रश्न अशा प्रसंगीं हमखास निघतो. परंतु पुढें मार्च २०२२ हा देशांत १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत तप्त मार्च ठरला, आणि फेब्रुवारी २०२३ नें त्या महिन्याचा तसाच उच्चांक गांठला. एके दिवशीं घरीं पंगत उठली, म्हणून त्यावरून कोणी वर्षाचा शिधा ठरवीत नाहीं; तद्वत् एका रात्रीवरून ऋतुमान ठरत नाहीं. खरा घात होतो तो थंडी तुटक पडल्यानें व ऊन लवकर तापल्यानें. पहिल्यानें कळी विरळ निघते, दुसऱ्यानें कोवळीं फळें गळतात.

शहरांत राहून बाग वाटेकऱ्याकडे सोंपविणाऱ्यांनीं येथें विशेष जपावें. कडाका वाढला कीं ‘ओलीत करा’ असा निरोप घाईनें धाडला जातो. विहिरीचें पाणी हवेहून उबदार असतें व ओली माती ऊब धरून ठेवते, हें खरें. पण तेंच पाणी ताणावरच्या झाडास मिळालें, तर ताण मोडतो व कळीऐवजीं पालवी फुटते. तेव्हां ओलीत रोपांस व भाजीपाल्यास द्यावें. ताणावरच्या झाडांकरितां बांधाशीं काडीकचऱ्याचा धूर करावा आणि उत्तरेच्या वाऱ्यास आडोसा करावा.

‘कृषिपराशर’ ग्रंथांत पौषाचे अडीच-अडीच दिवसांचे बारा भाग पाडून त्यांवरून बारा महिन्यांच्या पर्जन्याचें अनुमान करण्यास सांगितलें आहे. तें अनुमान आज कोणी प्रमाण मानणार नाहीं. परंतु महिनाभर रोज हवेकडे लक्ष देण्याची शिस्त घेण्यासारखी आहे. बागेंत एक तापमापक टांगावा आणि पहांटेचा पारा, ढग व पहिली कळी दिसल्याचा दिवस वहींत टिपावा. एकत्र कुटुंबांत आजोबांची वही नातवाच्या हातीं जाते. ताण केव्हां द्यावा, आंबिया धरावा कीं मृग, किंबहुना बाग राखावी कीं नाहीं, या प्रश्नांचें उत्तर वीस वर्षांनीं त्यास त्या वहींत सांपडेल.