शिकारीचा सल्ला मागणाऱ्यांनो, आणि देणाऱ्यांनो!



पोळा सरला की बेला-जैनथच्या पट्ट्यात एकच प्रश्न दारोदार फिरतो : डुकरांचं करायचं काय? सोयाबीनची शेंग भरत आलेली असते आणि एका रात्रीत कळप उभं पीक लोळवून जातो. नव्याने शेतीत उतरलेला पोरगा, मक्त्याने वावर घेतलेला माणूस मग सल्ल्यासाठी आपल्याच ओट्यावर येतो. जुनी घरं ना आपली! आजोबांच्या हाक्याच्या, मचाणाच्या गोष्टी आपणच तर गावभर सांगितल्या.

आणि आपण उत्तर काय देतो? एक तर चारचौघांत हसतो, "कालचं पोरगं, याला डुक्कर काय कळतं!" नाही तर आवाज खाली करून म्हणतो, "तार टाक, करंट सोड, कुणाला सांगू नको." दोन्ही उत्तरांची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसती बंदूक नव्हे. फास लावणं, विष घालणं, आमिष टाकणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच. आणि तार डुक्कर ओळखत नाही. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून आपल्या शिवारात येतात. जानेवारी 2024 मध्ये कागजनगरजवळ विषाने वाघ मेले, मे 2025 मध्ये पेंचिकलपेटच्या जंगलात वाघीण विजेच्या तारेला लागून गेली. उद्या त्या तारेला शेजाऱ्याचा बैल लागेल, परवा पहाटे मोटर सुरू करायला निघालेला शेजारी. मग सल्ला देणारा कुठे असतो? घरात, पांघरुणात!

तुरुंगात कोण जातो तेही बघा. आपल्यातला कुणी कोलाम-गोंड गड्याला दोन पैसे देऊन फास लावून घेतो. धाड पडली की हातकडी त्या गड्याला, मटणाचा वाटा मालकाला. हे कुठलं मोठेपण?

म्हणून विचारायला येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. आधी नाव, गाव, वावर कुणाचं ते सांगा. कोणतं पीक, कुठल्या बाजूने येतात, आजवर काय करून पाहिलं, हे सांगा. "डुक्कर कसं मारू" एवढंच विचारू नका. वाघ कुठे दिसतो, कळप कुठे बसतो, हे तर कुणालाच विचारू नका. जाणत्याने नाही म्हटलं तर दुसऱ्या दारी तोच प्रश्न घेऊन हिंडू नका. आणि रानाची खरी जाण असलेल्या कोलाम दादाकडे जायचं तर बाटली घेऊन नको, मान घेऊन जा.

आता सल्ला देणाऱ्यांनो, आपली पाळी. हसू नका. शेजाऱ्यांनी आळीपाळीने राखण कशी करावी, हरभऱ्याभोवती करडईच्या दाट ओळी कशा पेराव्यात, हे शिकवा. झटका मशीन आणि थेट लाईनचा करंट यांतला फरक समजावून द्या. पहिल्याने डुक्कर पळतं, दुसऱ्याने जीव जातो. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज द्यायला सोबत चला. डुकरं मारायचीच वेळ आली तर त्याला कायद्यात परवानगीची वाट आहे, ती दाखवा.

आणि मतं मागायला येणाऱ्या पुढाऱ्यांनो, "शेतकऱ्याला बंदूक द्या" अशा आरोळ्या पुरे झाल्या! पंचनामा वेळेवर करवून द्या, भरपाई हंगाम संपायच्या आत खात्यात आणा, झटका मशीनला अनुदान मिळवा. शेतकरी चोरून तार टाकतो तो हौसेने नव्हे. अर्ज टाकून टाकून थकतो, तेव्हा टाकतो.

पण आपण जुनी घरं म्हणवतो, तर जुनेपणाची जबाबदारीही आपलीच. आजोबांची शिकार गोष्टीत राहू द्या. ओट्यावर आलेल्या पोराच्या हाती तार देऊ नका!