फोटो काढून झाल्यावर

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत तारक्कासह अकरा नक्षलवाद्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर आत्मसमर्पण केलं. आठवड्याने, ८ जानेवारीला, इथे बंगळुरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांसमोर सहा जण हजर झाले. इंदिरानगरात राहून मी दोन्ही बातम्या वाचल्या. चित्र सारखंच होतं: मध्ये मुख्यमंत्री, शेजारी अधिकारी, समोर कॅमेरे.

अशा फोटोंना नाकं मुरडणारे आपल्यातही बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. जंगलातल्या पोराला वर्षानुवर्षं एकच सांगितलेलं असतं, की पोलिसांच्या हाती लागलास तर संपलास. त्यावर भाषणाचा उपयोग होत नाही. काल आपल्या दलममध्ये असलेली व्यक्ती आज जिवंत दिसते, हे त्याला पटतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. तो तारक्काचा नवरा. म्हणजे निरोप नक्की कुठे पोहोचतो, हे उघड आहे.

पण तोच फोटो आणखी दोघं बघतात. एक, जंगलात राहिलेले जुने साथीदार. पोलिसांचे खबरी ठरवून माणसं मारल्याच्या घटना गडचिरोलीला नव्या नाहीत. दुसरे, ज्यांच्या घरातलं माणूस या हिंसेत गेलं ते. मारणाऱ्याला बक्षीस आणि घर, मग आम्हाला काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. जनसंपर्काचं खरं काम या दोघांपाशी सुरू होतं आणि नेमकं तिथेच आपण थांबतो.

काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये परत आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी आमच्याकडे एवढंच मागितलं होतं: "साहेब, फोटो नको." त्यांना त्याच गावात राहायचं होतं.

म्हणून माझं मत असं. चेहरा दाखवायचा की नाही, हे परत येणाऱ्याला ठरवू द्या. मोठे नेते सोडले तर नुसता आकडाही पुरतो. पीडित कुटुंबांना काय मिळालं, तेही त्याच मंचावरून सांगा. माडिया-गोंडीत बोला. गडचिरोली पोलिसांची 'दादालोरा खिडकी' मला यासाठीच महत्त्वाची वाटते. पोलीस ठाण्यात दाखले आणि योजनांची कामं होऊ लागली, की लोकांना वर्दीची वेगळी ओळख होते. ती पोस्टरने होत नाही.

आणि वर्षभराने परत बातमी द्या: किती जणांना काम मिळालं, किती जण गावी राहू शकले. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५ पासून चालू आहे, तेव्हा सांगण्यासारखं बरंच असणार.

माजी सैनिकांना हे वेगळं समजवायला नको. पेन्शन, कॅन्टीन कार्ड आणि समाजाचा मान हाताशी असूनही वर्दी उतरवल्यावर 'सिव्हिल'मध्ये रुळायला आपल्याला वर्षं लागतात. त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं.