डॉल्फिनप्रेमींनी खालापूर पाहावे

सुटी लागली की मुंबई-पुण्याचा सुखवस्तू वर्ग दिवेआगर-हरिहरेश्वरकडे लोटतो. सकाळी होडीत बसावे, कुबडाचा डॉल्फिन श्वासासाठी वर आला की टाळ्या पिटाव्यात आणि निसर्गाविषयीचा कळवळा घेऊन घरी परतावे! खालापूरला त्यांची गाडी थांबते ती पथकर भरण्यापुरती. वास्तविक समुद्राचे भवितव्य तेथेच ठरत असते.

टाटांचे खोपोली वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि भीमेच्या खोऱ्यातील पाणी घाट उतरून पाताळगंगेला मिळाले. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे पाणी उल्हासला मिळाले. या बारमाही पाण्यावर पुढे रसायनांचे व कृत्रिम धाग्यांचे कारखाने उभे राहिले. नफा मुंबईच्या कचेऱ्यांत जातो, सांडपाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत. कुबडाचा डॉल्फिन खोल समुद्राचा प्राणी नव्हे. उथळ किनारा आणि खाड्यांची मुखे हेच त्याचे घर. न विरघळणारी विषे माशांमार्फत त्याच्या चरबीत साठतात आणि मादीच्या दुधातून पिलाच्या पोटात जातात.

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला तो १९६९ साली, केंद्राच्या पाच वर्षे आधी. डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात सापडलेल्या अशा प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे सरकारने २०१८ साली ठरवले, हे योग्यच झाले. परंतु नदीत विष उतरून मासळी मेली, तर पाताळगंगेकाठच्या कातकऱ्याला कोणत्या ठरावान्वये भरपाई मिळते? त्याच्यापुढे वीटभट्टीची उचल तेवढी उरते.

‘कारखाने बंद पडले तर कामगार खाणार काय?’ हा प्रश्न मालकवर्ग मोठ्या साळसूदपणे विचारतो. कारखाने बंद करा असे म्हणते कोण? उत्पादकाने केलेला आणि इतरांनी सोसलेला खर्च उत्पादकाकडूनच वसूल करावा, हे पिगूसारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच मांडले. तो काही समाजवादी क्रांतिकारक नव्हता. शिवाय त्या रसायनांशी पहिली गाठ पडते ती कामगाराचीच.

तेव्हा कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी कामगार संघटना, कातकरी वाड्या आणि खाडीकाठचे कोळी यांची एकत्र बैठक घ्यावी. प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचा तपासणी अहवाल दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलाच पाहिजे, ही मागणी पावसाळ्यापूर्वी पुढे रेटावी. एकदा पूर आला की पाण्यात कोणी काय सोडले, ते सांगता येत नाही.