नमस्काराचं ओझं

मंडळी, रग्बी हा खेळ मला फारसा कळतो असं नाही. पण वेल्सच्या बॅरी जॉनची गोष्ट वाचल्यापासून एक विचार पाठ सोडत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

बॅरीचा जन्म १९४५ चा, खाणकामगाराच्या घरातला. त्याच्याच गावचे कार्विन जेम्स हे वेल्श भाषेचे शिक्षक. (भाषाशिक्षक म्हटल्यावर माझे कान टवकारणारच!) १९७१ साली ब्रिटन-आयर्लंडचा 'लायन्स' संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा जेम्स प्रशिक्षक होते आणि बॅरी त्यांचा हुकमी एक्का. चार कसोट्यांपैकी दोन जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत सुटली. संघाच्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या बॅरीचे! न्यूझीलंडमध्ये लायन्सनी मालिका जिंकली ती तेवढी एकदाच. लोक त्याला 'किंग' म्हणू लागले.

आणि १९७२ साली, अवघ्या २७ व्या वर्षी, हा राजा निवृत्त झाला. वेल्सकडून फक्त २५ सामने खेळून!

कारण काय, तर रिल या गावी तो एका बँकेच्या उद्घाटनाला गेला होता. तिथे एका तरुणीने राणीसमोर वाकावं तसं गुडघे वाकवून त्याला अभिवादन केलं. बॅरी मनातून हादरला. त्या काळी रग्बी युनियन हौशी होतं, खेळण्याचे पैसे मिळत नसत. पोटासाठी इतरांसारखी नोकरी, आणि बाहेर पडलं की राजासारखा थाट. हे जगणं त्याला खरं वाटेना.

शिखरावर असताना थांबला म्हणून त्याचं कौतुक होतं. मला वाटतं, यात आपण स्वतःला सोयीस्करपणे वगळतो. तो खेळाला कंटाळला नव्हता, आपल्या भक्तीला कंटाळला होता. त्याची पुढची कितीतरी वर्षं आपल्यासारख्या चाहत्यांनीच घालवली.

हे वाचताना मला माझाच एक जुना विद्यार्थी आठवला. वर्गात तो माझ्याशी कडकडून वाद घालायचा. परवा रस्त्यात भेटला, पाया पडला, "सर, तुमच्यामुळेच" म्हणाला नि निघून गेला. मी सुखावलो. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. वाद घालणारा तो मुलगा कुठे गेला? पाया पडण्यात आदर होता, पण गप्पा राहूनच गेल्या.

बॅरी जॉन फेब्रुवारी २०२४ मध्ये, ७९ व्या वर्षी गेला. निवृत्तीनंतरची बावन्न वर्षं तो साधा माणूस म्हणून जगू पाहत होता.

असो. आता कुणी वाकायला लागलं की मी आधी त्याचे खांदे धरतो आणि म्हणतो, "बस, चहा घेऊ."

तुमचं काय मत? माझं चुकत असेल तर बिनधास्त सांगा. पाया मात्र पडू नका!