मुद्दाम हरणारा कोणाला हरवतो?

शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धा हा विषय या स्तंभात पाहून काही वाचकांना नवल वाटेल. अत्याचाराची प्रकरणे, शिष्यवृत्तीची थकबाकी, गायरानाचे दावे सोडून आमच्यासारख्या वकील-कार्यकर्त्याने पोरांच्या यंत्रगाड्यांवर का लिहावे? उत्तर सरळ आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मेडशीसारख्या गावातले पालकही आता हे प्रश्न घेऊन आमच्याकडे येऊ लागले आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटारी, सेन्सर, सर्किट आले. वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. साध्या मराठीत सांगायचे तर सरकारनेच तो मागास असल्याचे कबूल केले आहे. अशा जिल्ह्यातला सोयाबीन कापणाऱ्या मजुराचा मुलगा स्वतः प्रोग्राम लिहून गाडी चालवतो, ही साधी गोष्ट नाही. आणि त्याचा बाप आम्हाला विचारतो, "वकीलसाहेब, समोरच्यांनी हरवलं तर काही नाही. पण आपल्याच बाजूचे मुद्दाम हरले, तर दाद कुठं मागायची?"

हा प्रश्न नीट कळण्यासाठी या खेळाची रीत समजून घेतली पाहिजे. ज्या रोबोकॉनची आशिया-पॅसिफिक स्पर्धा २०१४ मध्ये पुण्यात झाली, ती महाविद्यालयांची स्पर्धा. तिच्यात एका संघासमोर एकच संघ असतो. परंतु फर्स्ट टेक चॅलेंज किंवा व्हेक्ससारख्या ज्या परदेशी स्पर्धा शाळकरी मुलांसाठी आपल्याकडे आल्या, त्यांत दोन संघांची युती दुसऱ्या दोन संघांच्या युतीशी खेळते. प्राथमिक फेरीत जोडीदार तुम्ही निवडत नाही, तो वेळापत्रकातून तुमच्या वाट्याला येतो. या सामन्यातला जोडीदार पुढच्या सामन्यात प्रतिस्पर्धी होऊ शकतो. सगळ्या सामन्यांची गुणतालिका लागते आणि तालिकेत वर असलेले संघ बाद फेरीसाठी आपापले जोडीदार निवडतात. युती म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वाचकाला दगाफटका काय असतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही!

समजा, शेवटच्या सामन्यात 'अ' आणि 'ब' एका बाजूला आले. 'अ' हा मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेचा संघ, त्याची जागा पक्की झालेली. 'ब' खेड्यातून आलेला. हा एक सामना जिंकला तर तो तालिकेत वर सरकणार. समोर 'क', म्हणजे 'अ'च्या ओळखीचा संघ. 'क' जिंकला तर वर जाईल आणि बाद फेरीसाठी 'अ'लाच निवडील, अशी बोलणी बाहेर झालेली आहेत. मग 'अ'ची गाडी अचानक मंदावते, चेंडू उचलत नाही, दोनदा भिंतीला जाऊन थांबते. 'अ'चे काहीच बिघडत नाही, 'क'चे काम होते आणि मार्च महिन्यापासून शाळा सुटल्यावर रात्री आठपर्यंत खपलेली 'ब'ची चार पोरे घरी जातात. त्यांना कोणी हरवले? ज्याच्या खांद्याला खांदा लावून ती उभी होती, त्यानेच!

मुद्दाम हरणे म्हणजे आपलेच नुकसान करून घेणे, त्यात दुसऱ्याचे काय गेले, असे काही शिक्षक मंडळी म्हणतात. वास्तविक पाहता मुद्दाम हरणाऱ्याचे स्वतःचे नुकसान कधीच होत नसते, म्हणून तर तो हरतो. नुकसान तिसऱ्याचे होते आणि तो तिसरा बहुतेक वेळा नवा, गरीब व ओळखपाळख नसलेला असतो.

१९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात हेच घडले. अल्जीरिया हा १९६२ मध्ये फ्रान्सच्या गुलामीतून सुटलेला देश. त्याने पहिल्याच सामन्यात बलाढ्य पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले आणि चिलीलाही हरवून आपले सामने संपवले. दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर हे दोन्ही युरोपीय शेजारी पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे दोघांनाही आधीच ठाऊक होते. दहा-अकरा मिनिटांत जर्मनीचा एक गोल झाला आणि उरलेला सर्व वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. अल्जीरियाने तक्रार केली. नियमभंग झालेला नाही, सबब निकाल कायम, असे उत्तर मिळाले. परंतु १९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला. म्हणजे पाप कोणाचेही ठरले नाही, पण पळवाट होती हे मान्य झाले.

लंडन ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत त्या वेळी नव्याने गटपद्धत आणली गेली. पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून जोड्या मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारू लागल्या. १ ऑगस्टला चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेतून काढले गेले. आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांची जोडी दुसऱ्या गटात दोन सामने जिंकूनही गुणांच्या फरकावर बाहेर पडली. भारताने त्या गटातल्या जपान आणि चायनीज तैपेईच्या सामन्याविषयी तक्रार नोंदवली, ती मान्य झाली नाही. येथे दोन गोष्टी आमच्या नजरेत भरतात. पहिली अशी की चीनच्या मुख्य प्रशिक्षकाने नंतर माफी मागितली खरी, पण ऑलिम्पिकमधून हाकलले गेले ते खेळाडूच. दुसरी अशी की पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत सोडतीची पद्धत बदलली. मोठ्यांच्या खेळातही चूक आधी नियमात होती, माणसाच्या मनात ती नंतर उतरली.

यंत्रमानवांच्या स्पर्धांत तर नियमांचा गुंता याहून मोठा. व्हेक्समध्ये बरोबरी फोडण्याच्या गुणांपैकी काही गुण हरलेल्या युतीच्या धावफलकावरून मिळतात. म्हणजे आपण ज्याला हरवले त्याचे गुण जास्त असले तर आपला फायदा! हेतू चांगला आहे. दुबळ्याला चिरडून काही मिळू नये. परंतु पोराने उद्या मुद्दाम समोरच्यासाठी गुण केले तर ती चतुराई म्हणायची की लबाडी, हे बारा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेने मोठ्या मुलांच्या आपल्या स्पर्धेत यावर एक नियम केला आहे आणि वकील म्हणून आम्हाला तो आवडतो. त्याचा आशय असा की ज्या युतीत तुम्ही नाही, तिला कुवतीपेक्षा कमी खेळायला तुम्ही सांगायचे नाही आणि बाहेरच्याच्या सांगण्यावरून तुम्हीही कमी खेळायचे नाही. मात्र युतीतल्या सर्व संघांनी आपसांत ठरवून एखादा डाव आखला, तर तो गुन्हा नाही. म्हणजे कसोटी गाडीच्या वेगाची नसून संमतीची आहे. डाव कोणी ठरवला? तो सगळ्यांनी मिळून ठरवला काय?

पण खरी मेख येथेच आहे. संमती म्हणजे काय? सामन्याआधी दोन मिनिटे मोठ्या शाळेचा संघ येतो, आपल्या पोरांची पुठ्ठा-पत्र्याची गाडी पाहतो आणि म्हणतो, "तुम्ही कोपऱ्यात उभे राहा, मध्ये येऊ नका, बाकी आम्ही बघतो." हे इंग्रजीत, हसत हसत सांगितले जाते. पोरे मान डोलावतात. कागदोपत्री संमती झाली! भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १४ मध्ये मुक्त संमती म्हणजे काय ते सांगितले आहे आणि कलम १६ म्हणते की एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असून त्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, तर तो गैरवाजवी दबाव होय. खेळाच्या मैदानाला करार कायदा लागू होत नाही, हे आम्हाला कळते. पण मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे, एवढे शहाणपण त्यातून पंचांनी घ्यायला हरकत नसावी.

कोपऱ्यात उभे राहा, हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पालवणकर बाळू हिंदू संघाकडून गोलंदाजी करत, तेव्हा मैदानावर त्यांचा चेंडू सवर्णांना चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. बाळूंच्या बाजूने फक्त एकच गोष्ट होती: दांडी उडाली की उडाली, ती जात पाहत नाही. तो एक नियम प्रामाणिकपणे पाळला जात होता म्हणून बाळू बाळू झाले. समोरचे फलंदाज संगनमताने खोटे खेळले असते, तर त्या ११४ बळींना काय किंमत राहिली असती?

म्हणून आपल्यातलेच काही तरुण कार्यकर्ते, "सगळी व्यवस्थाच लबाड, मग आपल्याच पोरांनी सचोटी का पाळायची?" असे विचारतात, तेव्हा आम्ही त्यांच्याशी भांडतो. मुद्दाम हरणे ज्याला परवडते तो हरतो. ज्याची जागा पक्की, ज्याला पुढच्या वर्षीही फी भरता येते, ज्याच्या ओळखी आहेत, त्यालाच तो सौदा जमतो. आपल्या पोरांकडे विकायला काही नाही. त्यांच्याकडे आहे तो फक्त नियम. तो मोडण्यात सामील होऊन आपण आपल्याच हातातली काठी मोडणार आहोत काय? आणि हो, आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटचे गोडवे गाणारी मंडळी आपल्या पाल्याचा सौदा मात्र बिनदिक्कत करतात, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता उलटी बाजू. अशा प्रकारांची बोंब झाली की संशयाचा पहिला दगड कोणावर पडतो? मोठ्या शाळेची गाडी बंद पडली तर तो तांत्रिक बिघाड, आणि आपल्या पोरांची गाडी बंद पडली तर "यांनी मुद्दाम केले"! जुनी बॅटरी सामन्याच्या मध्यात बसते, वायर निघते, संपर्क तुटतो, घाबरलेला पोरगा चुकीचे बटण दाबतो. स्वस्त सामानात हे रोजचे आहे. सबब, संशयावरून शिक्षा नको, पुरावा हवा. सामन्याचे चित्रण पाहावे. जेथे यंत्रणा व्होल्टेज आणि तुटलेल्या संपर्काची नोंद ठेवते, तेथे ती नोंद तपासावी. ज्याच्यावर आरोप आहे त्या संघाला त्याच्या भाषेत आरोप सांगून त्याचे म्हणणे ऐकावे. दोन्ही बाजूंच्या शाळांशी संबंध नसलेल्या माणसांनी निर्णय द्यावा आणि कारणे लिहून द्यावीत. याला नैसर्गिक न्याय म्हणतात. तो फक्त हायकोर्टासाठी राखून ठेवलेला नाही.

दाद कोर्टात मिळेल, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. कर्नाटक प्रीमियर लीगच्या क्रिकेट सामन्यांतील फिक्सिंगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये असे म्हटले की मॅच फिक्सिंग हा त्या वेळच्या दंड संहितेच्या कलम ४२० खालील फसवणुकीचा गुन्हा होत नाही, कारवाई करायची तर क्रिकेट मंडळाने शिस्तभंगाची करावी. खेळातील गैरप्रकारांविरुद्ध २०१३ मध्ये केंद्राने विधेयकाचा मसुदा केला होता, त्याचा कायदा झाला नाही. लाखो रुपयांच्या क्रिकेटची ही गत, तर पोरांच्या स्पर्धेसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढून काय होणार? जे व्हायचे ते आयोजकांच्या नियमपुस्तिकेतच झाले पाहिजे.

शिक्षेबद्दल आमचे मत कडक आहे, पण ते मुलांसाठी नाही. चौदा वर्षांचा मुलगा सौदा करत नाही. सौदा प्रशिक्षक करतो, फोन पालक करतो, डोळा शाळेच्या जाहिरातीवर असतो. त्या प्रौढाला एक हंगाम मैदानाबाहेर ठेवावे आणि त्याचे नाव त्याच्या शाळेला लेखी कळवावे. मुलाला समज द्यावी, कपाळावर शिक्का मारू नये. आणि ज्या जोडीदाराचा बळी गेला, त्याचा तो सामना गणतीतून वगळावा किंवा पुन्हा खेळवावा. दोषी संघाला काढून टाकले म्हणून 'ब'च्या पोरांना काय मिळाले?

मेडशी, मालेगाव, पातूर भागातल्या ज्या शाळा यंदा संघ पाठवणार आहेत, त्यांच्या मुख्याध्यापकांनी फी भरण्यापूर्वी आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. नियमपुस्तिका मराठीत आहे काय? तक्रार किती वेळात, कोणाकडे करायची? जोडीदार मुद्दाम हरल्यास आमच्या संघाचे काय? अर्जाचा नमुना आम्ही तयार केला आहे, तो मागेल त्याला विनामूल्य मिळेल. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.